बाळाराम रीडरचं ॲव्हरेज

कमळाबाई तांदळाची भाकरी थापत होती तेव्हा बाळारामाने वही उघडली आणि तिला विचारलं, "तुझं वजन किती गो?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात या माणसाने तिला साडीचा रंग विचारला नव्हता, की कालवणात मीठ बरोबर पडलंय हे आपणहून सांगितलं नव्हतं. तिचा हात भाकरीवरच थांबला. "का? बाजारात नेताय काय मला?"

"टेस्टला लागतं. गाडीत दर वेळी वजन सारखं पायजे."

"अठ्ठावन्न. गेल्या सालच्या शिबिरात केलं होतं. या घरात जे ऐकावं लागतं त्यानं आता कमी झालं असंल."

बाळारामाने वहीत अठ्ठावन्न लिहिलं आणि पुढे 'अंदाजे' असंही लिहिलं. खात्री नसलेला आकडा खात्रीचा म्हणून लिहायचा नाही, हा त्याचा जुना नियम. हाच नियम त्याने तीन महिन्यांपूर्वी पाळला असता तर बायकोचं वजन विचारायची वेळच आली नसती. हे आता तो स्वतःच चहाच्या टपरीवर चार लोकांना सांगतो आणि सांगताना सगळ्यांच्या आधी हसतो. तेव्हा मात्र हसायला काहीच नव्हतं.

बाळाराम रोकडे हा रिटायर झालेला माणूस. मुरबाड तालुक्यातल्या एका लहानशा धरणावर त्याने एकतीस वर्षं पाण्याची पातळी वाचली. धरणाच्या भिंतीला आतल्या अंगाने मोजपट्टी रंगवलेली असते, सेंटिमीटरच्या खुणा केलेली. रोज सकाळी आठ वाजता पायऱ्या उतरायच्या, पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते बघायचं, वर येऊन रजिस्टरात लिहायचं. पावसाळ्यात हेच काम दर तासाला. यात फार मोठं काही नाही हे त्यालाही कळत होतं, पण तो ते अशा थाटात करायचा की आपण वाचल्याशिवाय पाणी वर चढायचंच नाही. वाऱ्याने लाट आली तर ती विरेपर्यंत छत्री धरून उभा राहायचा. म्हणून सगळे त्याला रीडर म्हणायचे. रिटायर होऊन शहापुरात घर बांधलं तरी नाव मागोमाग आलंच. आता शेजारची पोरं किती वाजले म्हणून विचारतात तेव्हा तो "दहा वाजून सतरा" असं सांगतो. सव्वादहा म्हणणं त्याच्या जिवावर येतं.

त्याच धरणावर दरवाजे उघडायच्या कामाला शेखर पष्टे होता. टोकावड्याचा, घरची भातशेती, आवाज मोठा आणि गुडघे कमकुवत. रीडिंग लिहिली की तिच्याखाली दुसऱ्या माणसाने 'तपासले' असं लिहून सही करायची पद्धत होती, आणि तो दुसरा माणूस कायम शेखर. सकाळी भेटला की शेखर ओरडायचा, "जय भीम, रीडर!" आणि बाळाराम उलट म्हणायचा, "राम राम, गेटवाले!" दोघं एकाच साली रिटायर झाले. तरीही रोज सकाळी साडेसातला शेखरचा फोन यायचा आणि दरवर्षी भात कांडून झालं की टोकावड्याहून घरच्या तांदळाची एक गोण शहापुरात येऊन पडायची. ती गोण कोणी मागितलेली नसायची आणि तिच्याबद्दल आभारही कोणी मानत नसे.

गेल्या दिवाळीत शेखरच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि त्याने आपली आठ वर्षांची डिझेल गाडी बाळारामाला विकली. गाडी हातात देताना एवढंच बोलला, "वीसचं ॲव्हरेज देते. डोळं मिटून घे." बाळारामाने घेतली. पण डोळे मिटणं त्याच्या स्वभावात कुठलं? गाडीत ॲव्हरेज दाखवणारा पडदा नव्हता, आणि आकडा नाही म्हटल्यावर त्याला चैन पडेना. येताजाता तो एकच विचारायचा, गाडी खरोखर किती देते ते कसं कळणार?

त्याची मुलगी संघरत्ना ठाण्यात नोकरीला. ती या प्रश्नाला इतकी कंटाळली की एका रविवारी येताना काडेपेटीएवढं एक यंत्र घेऊन आली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ते खोचायचं, मोबाइलवर ॲप टाकायचं, की गाडीच्या पोटातलं सगळं समोर दिसतं. "पप्पा, पयला सगळं सेटिंग नीट वाचून भरा," एवढं सांगून ती परतीच्या गाडीला गेली.

ॲपने आठ पानं प्रश्न विचारले. सगळे इंग्रजीत, बारीक अक्षरांत. बाळारामाने पहिल्या पानावर चष्मा लावला, दुसऱ्या पानावर काढला, आणि पुढची सहा पानं नेक्स्ट, नेक्स्ट करत ढकलून दिली. ज्या माणसाने जन्मात एक सेंटिमीटर सोडला नाही त्याने सहा पानं सोडली. टपरीवर सांगताना या जागी तो स्वतःच्या थोबाडीत मारून दाखवतो.

पहिल्याच फेरीत ॲपने आकडा दाखवला, अकरा पूर्णांक चार. दुसऱ्या दिवशी अकरा पूर्णांक दोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा पूर्णांक चार. आठवडाभर तो आकडा अकराच्या आसपास ठाण मांडून बसला. रोज सारखा येणारा आकडा खरा असतो, ही बाळारामाची एकतीस वर्षांची समजूत. आकडा रोज सारखाच चुकू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

शहापुरातला डिझेलचा मेकॅनिक मुकेश. त्याच्याकडे गाडी नेली. मुकेशने इंजिन चालू करून ऐकलं, मागे जाऊन धूर बघितला, हात पुसले. "काका, गाडीला कायच झालेलं नाय. अकरा देणारी गाडी अशी नाय बोलत."

"मशीन सांगतेय ती खोटी काय?"

"मशीनचं मला म्हाईत नाय. गाडीचं सांगतोय."

बाळारामाने मनात म्हटलं, कानाने ऐकणारा माणूस, याला रीडिंग काय कळणार. घरी आला, पडद्याचा फोटो काढला आणि धरणावरच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शेखरने २० सांगितले. मशीन ११.४ सांगते. ज्याने त्याने समजून घ्यावे.'

ज्याने त्याने लगेच समजून घेतलं. चौदा जणांनी हसणारी तोंडं पाठवली. एकाने लिहिलं, दोस्तालाच टोपी घातली. शेखरचा मेसेज संध्याकाळी आला, तीनच शब्द. 'मशीनला विचार मग.'

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन वाजला नाही. बाळारामाने मोबाइलला रेंज आहे का ते बघितलं. होती. आठवडा गेला, महिना गेला. गावोगाव भात कांडून झालं, पण टोकावड्याची गोण आली नाही. कमळाबाईने एक दिवस दुकानातून पाच किलोची पिशवी आणली आणि नवऱ्यासमोर ठेवली. तो भात बाळारामाच्या घशाखाली उतरेना. तांदूळ वाईट नव्हता, तरी उतरेना.

पुढे एक दिवस मुकेश बाळारामाच्या गाडीतून किन्हवलीला निघाला. वाटेत एक लांबलचक उतार लागतो. बाळारामाने सवयीप्रमाणे मोबाइलकडे बोट दाखवलं. "बघ, ह्या घडीचं ॲव्हरेज उतारावर पण सहाच दाखवतंय. इंजिन पार गेलं रे."

"काका, पायाखाली काय हाय?"

"काय नाय. पाय काढलाय मी."

"पाय काढला, गाडी गिअरमधे उतारानं चाललीय. आता इंजिनात डिझेल जातंय?"

इतकं त्यालाही माहीत होतं, अशा वेळी डिझेल जात नाही. मग त्या पडद्यावर जळत काय होतं?

"हे यंत्र डिझेल मोजत नाय," मुकेश म्हणाला. "हवा मोजतं. इंजिन हवा किती ओढतंय ते बघतं आणि त्यावरनं डिझेलचा हिशोब लावतं. पेट्रोलला ते चालतं, तिथं हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात जातं. डिझेलचं तसं नाय. हवा भसाभस घेतं, डिझेल लागंल तेवढंच. तुमी सेटिंगमधे काय टाकलंय? दाखवा." त्याने बोटाने चार पानं उलटली आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. तिथे लिहिलेलं वाचायला इंग्रजी येण्याची गरज नव्हती. पेट्रोल.

बाळारामाने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. हे सगळं त्याला मुकेशने सांगायला हवं होतं का? पातळी म्हणजे पाणी नव्हे, हे धरणावर त्यानेच नव्या पोरांना शिकवलेलं. पट्टीवर दिसते ती नुसती उंची. त्या उंचीला पाणी किती, हे कोष्टकातून काढायचं, आणि कोष्टक ज्या त्या धरणाचं वेगळं. खोरं वेगळं, उतार वेगळा. तानसाचं कोष्टक भातसाला लावलं तर रीडिंग कितीही बिनचूक असो, उत्तर शुद्ध वेडेपणाचं येणार. आणि आपण काय केलं? डिझेलच्या गाडीला पेट्रोलचं कोष्टक लावलं, आणि त्या उत्तराच्या जोरावर तीस वर्षांच्या मित्राला चारचौघांत खोटा ठरवलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मुकेशला उतरवून परत येईपर्यंत तो रेडिओच्या बातम्या मोठ्याने लावून बसला.

घरी येऊन सगळं कमळाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आत्ता उठा. जाऊन शेखरभाऊंना सांगा चुकलो म्हणून. मी पण येते."

"नाय. आधी खरी रीडिंग हातात येऊ दे."

"माफी मागायला आकडा कशाला लागतो?"

"रिकाम्या हातानं जाऊ? चुकीची रीडिंग खोडायची तर बाजूला बरोबरची लिवायला लागते. रजिस्टरचा नियम हाय."

कमळाबाईने कपाळावर हात मारला नाही, कारण हाताला पीठ होतं. ती नुसती बघत राहिली. टपरीवर बाळाराम सांगतो, त्या वेळी तिच्या नजरेत जे होतं त्याची रीडिंग मला बरोबर आली असती तर मी त्याच दिवशी टोकावड्याला गेलो असतो.

मुकेशकडून त्याने रीत समजून घेतली. ॲपच्या सेटिंगमध्ये डिझेल टाकलं तरी आकडा अंदाजाचाच राहणार. खरा आकडा एकाच मार्गाने मिळतो. टाकी गळ्यापर्यंत भरायची, भरपूर गाडी चालवायची, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्या वेळी जेवढं डिझेल बसलं तेवढं जळलं. त्यावरून ॲपला सुधारणेचा आकडा भरून द्यायचा, की पुढे तेही बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं. एवढी सोपी गोष्ट. पण बाळारामाच्या हाती पडल्यावर ती सोपी कशी राहणार? रस्ता दर वेळी तोच हवा. वेळ तीच हवी. वेग पन्नासच्या वर नको. आणि गाडीतलं वजन सारखं हवं. तो एकटा जाऊ शकला असता, पण शेखर गाडी वापरायचा तेव्हा शेजारी त्याची बायको चंदावहिनी असायची, म्हणून वीस म्हणजे दोन माणसांचं वीस असणार, असा त्याने तर्क काढला. अशा रीतीने कमळाबाई या प्रयोगाचं प्रमाणित वजन झाली.

रस्ता ठरला शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे आणि परत. जाऊन येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर. पाच रविवार केले की चारशे वीस. दुसरे रस्ते नव्हते असं नाही. भातसानगरकडे जाता आलं असतं, तानसाकडे जाता आलं असतं. पण वहीत त्याच्या हाताने टोकावडेच लिहिलं आणि का लिहिलं हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

पहिल्या शनिवारी पंपावर गाडी लावली. नळी खट्‌कन बंद झाली तेव्हा पंपावरची मुलगी म्हणाली, "झाली काका, फुल."

"फुल नाय. हवा अडकलीय वरती." असं म्हणून रोकडे साहेबांनी दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवायला सुरुवात केली. आत प्रमाणित वजन बसलेलं होतं.

"अवो, मला उतरू तरी द्या!"

"हलू नको. कल बदलतो."

मागे टेम्पोवाला हॉर्न मारत होता, दोन रिक्षावाले मोबाइल काढून शूटिंग करत होते. बाळाराम हलवत होता, मुलगी चमचाचमचा डिझेल सोडत होती आणि कमळाबाई पदर तोंडावर घेऊन बसली होती. शेवटी डिझेल टाकीच्या तोंडाशी चमकलं. बाळारामाने वाकून बघितलं, लाट विरेपर्यंत थांबला, आणि मग झाकण लावलं.

पाचही रविवार असेच गेले. कमळाबाईने सरळगावच्या बाजारात भोपळा घेतला तर तो परत करायला लावला, वजन वाढतं म्हणून. ती चिडली आणि तिथेच दोन वडे खाऊन आली. "हे पण परत करू काय?" तिने विचारलं. बाळारामाने वहीत लिहिलं, वडे दोन.

टोकावड्याच्या ढाब्यावर गाडी वळायची. तिथे एक कप चहा आणि परत. शेखरचं घर ढाब्याच्या मागच्या आळीला, हाक मारली तर पोचेल इतक्या अंतरावर. पहिल्या रविवारी कमळाबाई म्हणाली, "इथवर आलो, जाऊन येऊ." तो म्हणाला, "टेस्ट मोडंल." दुसऱ्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या रविवारी नुसतंच त्या आळीकडे बघितलं. चौथ्या रविवारी बाळारामाचाच पाय दोनदा तिकडे वळला, पण अर्धी टाकी झालेली, अर्ध्या रीडिंगवर जाऊन काय बोलणार? पाचव्या रविवारी त्याने चहा अर्धा टाकला. त्याला भीती वाटत होती. आकडा अकराच निघाला तर काय, याची नव्हे. वीस निघाला तर आपल्याला जावं लागेल, याची.

सोमवारी पंपावर पुन्हा तेच हलवणं झालं. मुलीने या खेपेला आधीच मागच्या गाड्या दुसऱ्या लाइनला पाठवल्या होत्या. मीटर एकवीस पूर्णांक चार लिटरवर थांबला. ॲपच्या मते, डिझेलचं सेटिंग केल्यावरसुद्धा, जवळजवळ तीस लिटर जळालं होतं. बाळारामाने वहीत भागाकार केला, तीनदा केला. एकोणीस पूर्णांक सहा. दोन माणसं, घाटाच्या बाजूचा रस्ता, दोन वडे धरून एकोणीस पूर्णांक सहा. शेखरने वीस सांगितलं होतं.

संध्याकाळी कमळाबाई म्हणाली, "तो ग्रुपवरचा फोटू तरी काढून टाका आता." पण बाळारामाला ते पटलं नाही. चुकीचा आकडा पुसून टाकायचा नसतो. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला खरा लिहून सही करायची. पण ते शेखरच्या समोर करायचं, त्याने ठरवलं.

सहाव्या रविवारी गाडी ढाब्यावर न थांबता मागच्या आळीत शिरली. शेखर पडवीत खुर्चीवर बसला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. उठला नाही. "या, बसा," म्हणाला. एकतीस वर्षांत शेखरने त्याला कधी 'या, बसा' म्हटलं नव्हतं. बाळारामाला वाटलं, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तो बसला आणि वही उघडून वाचायला लागला. पेट्रोलचं सेटिंग, हवेचं माप, टाकी गळ्यापर्यंत, पाच रविवार, चारशे वीस भागिले एकवीस पूर्णांक चार. शेवटी म्हणाला, "एकोणीस पॉइंट सहा. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं रे शेखर."

आतून चंदावहिनी चहा घेऊन आली. कमळाबाईच्या हातात कप देत ती म्हणाली, "आज आलात ते बरं झालं गो. पाच रविवार आधण ठेवून उतरवलं."

बाळारामाला कळेना. "तुमाला कसं म्हाईत आमी आलेलो?"

"मला एका डोळ्यानं दिसत नाय, कानानं ऐकायला येतं," शेखर म्हणाला. "आठ वर्षं चालवली ती गाडी. ढाब्यावर वळली की इथं बसून वळखतो. पयल्या रविवारी चंदाला बोललो, आला गो रीडर, चहा ठेव. गाडी वळून गेली. दुसऱ्या रविवारी पण तेच. तिसऱ्याला वाटलं, हा ढाब्यावर चहा प्यायला शहापुरातनं येतो की काय?"

"टेस्ट चालू होती," बाळाराम म्हणाला. ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हाच त्याला ते किती फालतू आहेत ते ऐकू आलं.

"आणि वीस मी मोजलं होतं असं तुला कोण बोललं?"

"म्हणजे?"

"मी कधी मोजलंच नाय. मला शोरूममधे ज्यानं गाडी इकली तो बोलला वीस देते. माणूस बरा वाटला. मी तुला बोललो वीस देते." शेखरने चष्मा काढला. "तुझ्या रीडिंगखाली एकतीस वर्षं 'तपासले' लिवून सही मारली. माझे गुडघे असे. एकदा तरी पायऱ्या उतरून बघायला आलो काय रे खाली? तू वर येऊन आकडा बोलायचास, मी सही करायचो. तू बोललास म्हणजे तेवढंच पाणी. मला कधी मशीन लागली नाय."

बाळारामाच्या मांडीवर वही उघडी होती. पाच रविवारांचे आकडे, वेळा, वेग, वजन, वडे. एकही आकडा चुकलेला नव्हता आणि त्या सगळ्या पानांचा आता त्याला वीट आला होता. एक फोन करायचा होता, की शेखर, ही मशीन असं का दाखवते? एवढंच विचारायचं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवावेत असं त्याला वाटलंही नाही.

त्याने मोबाइल काढला, ग्रुपवरचा स्वतःचा तो जुना फोटो शोधला आणि त्यालाच उत्तर म्हणून खाली टाइप केलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. "वरील रीडिंग चुकीची. खरी रीडिंग एकोणीस पॉइंट सहा. चूक गाडीची नाही, शेखरची नाही. वाचणाऱ्याची आहे. बाळाराम रोकडे."

"पाठव," कमळाबाई म्हणाली. त्याने पाठवला.

शेखरने खुर्चीच्या हातावरचा आपला मोबाइल उचलला. बऱ्या डोळ्याजवळ नेऊन एकेक अक्षर दाबत बसला. चंदावहिनी मदत करायला वाकली तर तिला कोपराने दूर सारलं. चहा निवून गेला तरी त्याचं चाललंच होतं. मग बाळारामाच्या हातातला मोबाइल टिंग वाजला.

समोर दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाचा मेसेज होता. वाचायला बाळारामाला चष्मा काढून पुसावा लागला.

'तपासले. शे. धा. पष्टे.'